काळी दोनचा कॅपो

भंडाऱ्यात गिटारचा खरा वैरी ऊन नव्हे, कूलर. ही गोष्ट गिटारच्या पुस्तकांत सापडायची नाही, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरात कूलर नसतो. त्यांच्याकडे थंडीत हीटर चालतात, हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं, म्हणून ते केसमध्ये ओला स्पंज ठेवायला सांगतात. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहू द्या, म्हणतात. इकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकलेला असतो आणि दुपारी दोरीवर टाकलेला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो. आणि घरात खिडकीत डेझर्ट कूलर, त्याच्या ओल्या ताट्या, आणि त्याच्या तोंडासमोर भिंतीला खिळ्यावर टांगलेली गिटार. आमच्यातल्या एकाने आर्द्रता दाखवणारं लहानसं यंत्र मागवलं होतं. ओसरीत ते विसाच्या खाली उतरलं, कूलरच्या खोलीत साठाच्या वर चढलं. त्यात भरदुपारी लाइन गेली की कूलर बंद, आणि खोलीची भट्टी. लाकडाने फुगायचं तरी किती आणि आकसायचं तरी किती! तारा काळवंडतात आणि उन्हाळा सरता सरता ब्रिजची मागची कड नखभर उचललेली दिसते.

तेव्हा स्पंज नको. ज्या खोलीत कूलर नाही तिथे, केसमध्ये, केस जुन्या गोधडीत गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात. उन्हात उभ्या कारमध्ये तर अजिबात नको, आतला गोंद मऊ पडतो. आणि मुळात गिटार घेतानाच प्लायची घ्यावी. हे ऐकून पुण्या-मुंबईचे जाणकार कपाळाला हात लावतील. यामाहाची एफजी-८०० घ्या, तिची वरची फळी अख्ख्या स्प्रूसची आहे, आवाज वर्षागणिक खुलतो, असं ते सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण यामाहाच्याच एफ-३१० ची फळी प्लायची, पातळ थर एकावर एक चिकटवलेले, म्हणून हवा बदलली तरी ती लवकर हलत नाही. सुंदर आवाज आणि शाबूत गिटार यांतलं एकच मिळणार असेल तर मी शाबूत गिटार घेईन. आमच्या बैठकीत यावर अजून एकमत झालेलं नाही, आणि व्हावं अशी कोणाची फारशी इच्छाही दिसत नाही.

बैठक म्हणजे खांब तलावाच्या बाजूला एका मित्राचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, त्याची मागची खोली. संध्याकाळी मशीन थांबलं की एकेक जण येतो. मी शाळेत गणित शिकवतो. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. महावितरणचा एक लाइनमन आहे. लाइन गेली की सगळे त्याच्याकडे रागाने बघतात. मोहाडीकडून बी.एस्सी.साठी आलेली एक मुलगी आहे, ती गाते आणि वाजवतेही. लाखनी तालुक्यातला एक पोरगा आहे, त्याची घरची धानाची शेती. यांतल्या कोणीही गुरूकडे जाऊन गिटार शिकलेलं नाही. कोणाला मोठ्या भावाकडून चार कॉर्ड मिळाल्या, कोणाला मोबाइलवरच्या व्हिडिओतून. व्हिडिओवाला बोलतो, आपण ऐकतो. पण त्याला उलटून विचारता येत नाही की बाबा, हे आमच्याकडे असंच होतं का? ते विचारायला ही खोली. तासभर बसलो तर त्यातली चाळीस मिनिटं बोलण्यात जातात. वाजवणारी माणसं इतकं का बोलतात, असं दुकानदाराच्या बायकोने एकदा विचारलं होतं. मला तर बैठकीचा तोच भाग जास्त कामाचा वाटतो.

तारांचंच बघा. भंडाऱ्यात तारांचा चांगला सेट हवा तेव्हा मिळेलच याचा भरवसा नसतो. ऑनलाइनचा रस्ता आता आहे, पण आमची सवय जुनी: कोणी नागपूरला निघालं की त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची. एक सेट, दोन पिक, आणि पहिली तार सुटी दोन नग, कारण तुटते ती तीच. मागच्या खेपेला आलेल्या पाकिटावर '८०/२० ब्राँझ' असं छापलं होतं. दुकानदाराचे वडील तिथे बसलेले होते. त्यांचं सगळं आयुष्य भांड्यांच्या धंद्यात गेलं. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. स्टीलने तो धंदा खाल्ला, तरी जुन्या लोकांच्या बोटांना धातू अजून ओळखू येतो. त्यांनी जाड तार उलगडली, चिमटीत फिरवली आणि विचारलं, "ऐंशी का, अन् वीस का?" ऐंशी टक्के तांबं, वीस टक्के जस्त, असं मी सांगितलं. म्हातारा हसला. "मंग हे पितळच होय ना बापा. कांशाले कथील लागते."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जगभर ब्राँझ म्हणून विकली जाणारी ही तार पितळेचीच असते: आत पोलादी गाभा, त्यावर पितळेच्या बारीक तारेचा वेढा. दुसऱ्या प्रकारच्या, फॉस्फर ब्राँझच्या तारेत मात्र जस्त नसून कथील असतं, साधारण ९२ला ८ आणि किंचित फॉस्फरस. ती तार घामाला जास्त दिवस टिकते, आवाज थोडा मऊ देते. पितळेची तार नवी असताना लखलखीत वाजते आणि लवकर मरते. म्हणजे भंडाऱ्याच्या माणसाने पितळेचा अभिमान धरावा की पैसे वाचवावेत, हा प्रश्न उरतोच.

पितळ म्हटल्यावर लाइनमनच्या डोक्यात चिंच आली. घरात तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळतात, मग तारा का नाही? त्याने रविवारी बसून चारही वेढ्याच्या तारा चिंचेच्या कोळाने घासल्या. त्या संध्याकाळी त्याची गिटार देव्हाऱ्यातल्या समईला लाजवत होती. आठ दिवसांत तारा मेल्या. कोळ वेढ्यांच्या फटीत शिरून आतल्या पोलादापर्यंत जातो, तो धुऊन निघत नाही आणि गंज आतून धरतो. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची, हा त्यावरचा एकच उपाय, आणि तो इतका साधा आहे की कोणी करत नाही.

लाखनीच्या पोराचा प्रश्न वेगळा. त्याचे हात बघितले तर वाटेल याला गिटारची तार काय टोचणार! पण विळ्या-कुदळीचे घट्टे तळहातावर आणि बोटांच्या मुळाशी पडतात. गिटारला ते लागतात बोटांच्या शेंड्यांवर, तेही डाव्या हाताच्या. ते त्याने उन्हाळाभर वाजवून कमावले. मग जुलै आला. पऱ्हे म्हणजे भाताची रोपं उपटणं, मग त्यांची रोवणी, दिवसभर हात चिखलात आणि पाण्यात. शेंड्यांची कातडी पांढरी पडून सोलून निघाली. रोवणी संपल्यावर गिटार घेतली तर पहिल्या दिवसासारखी आग. दरवर्षी त्याचं हेच होतं. रोज अर्धा तास सराव करा, खंड पाडू नका, असं व्हिडिओतला गोरा माणूस सांगतो. त्याला रोवणी माहीत नाही. आम्ही असं ठरवलंय की रोवणीच्या दिवसांत त्याने डाव्या हाताला सुट्टी द्यायची आणि फक्त उजवा हात चालवायचा, तारांवर डावा तळहात नुसता टेकवून स्ट्रमिंग. ताल पक्का होतो, कातडीला धक्का लागत नाही. त्याच्या बदल्यात त्याने आम्हाला तांदळाची युक्ती दिली. गिटारच्या पोटात वर्षानुवर्षांची धूळ आणि कोळिष्टकं साचतात, हात जात नाही. दोन मुठी कोरडे तांदूळ आत टाकायचे, गिटार हळूहळू गोल हलवायची आणि पालथी करायची. धूळ दाण्यांना धरून बाहेर येते. जगात इतर ठिकाणीही ही युक्ती वापरतात असं मला नंतर कळलं, पण चिन्नोरसारखा सुवासिक तांदूळ वाया घालवायचा नाही, साधा जाडाच वापरायचा, ही सूचना इथलीच.

आता एफची कॉर्ड. गिटार सोडून दिलेल्या दहा माणसांना कारण विचारा, निम्मे तरी एफचं नाव घेतील. तर्जनी आडवी ठेवून सहाही तारा एकाच वेळी दाबायच्या. मनगट ओरडतं, दोन तारा फटफटतात आणि माणसाला वाटतं आपल्या बोटांतच दम नाही. बहुतेक वेळा दोष बोटांत नसतो, नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीत असतो. स्वस्त गिटारच्या नटच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटपाशी तार उंच राहते. तपासायची रीत सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटला दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट उरते ते बघा. केसभर हवी. तिथून पोस्टकार्ड सरकत असेल तर एफ तुमच्याकडून होणार नाही आणि तो तुमचा अपराध नाही. तार बाराव्या फ्रेटपाशी उंच असेल तर मात्र दोष ब्रिजवरच्या सॅडलचा. तिथे तार एक मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल दोन मिलिमीटर घासावा लागतो, खालच्या बाजूने, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून. नटच्या खाचांना मात्र स्वतः हात लावू नये. घासलेलं परत भरता येत नाही.

हे सगळं ऐकून काका गालातल्या गालात हसतात. "आमच्या काळी एफच नव्हता," म्हणतात. काकांची गिटार हवाईयन. ती मांडीवर आडवी घ्यायची, तारा मुद्दाम उंच केलेल्या, डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारांवर नुसती फिरवायची. निर्माणीच्या वसाहतीत देशभरातून माणसं आली, येताना वाद्यंही आली. काकांना ती शेजारच्या क्वार्टरमधून मिळाली. त्या काळी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत सिनेमाची गाणी हवाईयन गिटारवर वाजायची, व्हॅन शिपली, सुनील गांगुली अशी नावं असायची, आणि मध्यमवर्गीय घरात गिटार म्हणजे तीच असायची. पुढे ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांसोबतची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड १९६७ची. मग १९७३ साली 'यादों की बारात'मध्ये झीनत अमानच्या हातात उभी गिटार आली आणि पोरं तिकडे वळली. पडद्यावर झीनत, पण वाजवणारे भूपिंदर सिंग, हे काका दर वेळी सांगतात, आणि दर वेळी कोणी तरी नव्याने चकित होतं. त्यांचं म्हणणं, उभ्या गिटारने आपण मींड गमावली आणि एफ कमावला. सौदा काही बरा नव्हता.

पण आमच्या बैठकीतला सगळ्यात मोठा विषय पेटीच्या काळी-पांढरीचा, आणि तो कुठल्याच व्हिडिओत नाही.

गिटारच्या सहा मोकळ्या तारा बघा. पेटीच्या भाषेत त्या पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि परत पांढरी तीन. सगळ्या पांढऱ्या. नवशिक्याला जमणाऱ्या सी, डी, ई, जी, ए या कॉर्डही पांढऱ्यांवरच्या. आणि आमच्याकडचे गाणारे? भजनातले बुवा काळी एक नाही तर काळी दोन, बाया काळी चार, काळी पाच. पेटीवाल्याला विचारा, "कोणती पट्टी?" तो काळीच सांगणार. गिटार पांढरीची, गाव काळीचं. गावोगावच्या कार्यक्रमांत गिटारवाला कोपऱ्यात नुसता शोभेला बसलेला दिसतो, त्याचं निम्मं कारण एवढंच आहे.

यावर औषध कॅपो. गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा; सगळ्या तारा एकदम एकेका घराने वर सरकवतो. मी गणिताचा मास्तर असल्याने एकदा फळ्यावर मांडून दाखवलं. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला की सीचा आकार काळी एक होतो, डीचा काळी दोन, जीचा काळी चार, एचा काळी पाच. पाचांपैकी चार काळ्या एका चिमट्यात सुटल्या. उरली काळी तीन, आणि तिच्यासाठी पहिल्या फ्रेटवर नेमका एफचाच आकार लागतो! मग तिथे कॅपो दुसऱ्या फ्रेटवर न्यायचा आणि ईचा आकार धरायचा. मोहाडीची मुलगी काळी पाचमध्ये गाते. ती कॅपो तिसऱ्यावर लावून जीचा आकार धरते, तिला तो आवाज जास्त भरलेला वाटतो. चिमटा फ्रेटला चिकटून, किंचित मागे लावायचा. लावल्यावर तारा परत लावून घ्यायच्या, कारण त्या ताणल्या जाऊन थोड्या चढतात. कॅपो नसेल तर षट्कोनी पेन्सिल आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी. लाखनीच्या पोराने पहिली दोन वर्षं पेन्सिलवरच काढली. पेन्सिल गोल असली तर ती फिरते, आणि सहावी तार हमखास फटफटते. तिथे ट्यूबचा एक वेढा जास्त द्यायचा.

एवढं झाल्यावरही भजनात बसलं की बिघडतंच. मोबाइलमधला ट्यूनर पांढरी सहा ४४० हर्ट्झला धरतो. भजन मंडळाची पेटी चाळीस वर्षं जुनी, तिचे सूर आपापल्या ठिकाणी स्थिरावलेले, कोणी किंचित वर, कोणी खाली. ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो आणि पेटीशेजारी गिटार बेसुरी वाजते. चूक कोणाची यावर वाद घालता येईल, पण पेटीचा सूर बसल्या जागी बदलता येत नाही, गिटारच्या खुंट्या फिरतात. म्हणून मोबाइल खिशात ठेवायचा, पेटीवाल्याला पांढरी सहा दाबून धरायला सांगायची आणि पाचवी तार तिच्याशी जुळवायची, बाकीच्या तिच्यावरून. शहरातून आलेल्या एका पोराला हे फार जड गेलं. आपलंच बरोबर आहे हे त्याच्याकडे पुराव्यानिशी होतं ना!

मी पहिल्यांदा खंजिरीच्या भजनात गिटार घेऊन बसलो तेव्हा भैरवी सुरू होती आणि मी उत्साहाने मेजर कॉर्ड वाजवत होतो. बुवांनी दोन कडवी सोसलं. मग खंजिरी मांडीवर ठेवून म्हणाले, "मास्तर, एवढ्या तारा कायले गा? खडी गंमतीतल्या तुणतुण्याले एकच रायते. ते कदी आडवी येते का?"

खडी गंमत म्हणजे इकडचं लोकनाट्य. बोलणं लागलं, पण त्यात संगीतशास्त्रही होतं. भैरवीचा गंधार कोमल. माझ्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार ठाण मांडून बसलेला. आपल्या भजनाला खाली कॉर्ड नको असते, जमीन हवी असते. घरी येऊन काकांबरोबर खटपट केली आणि एक जुळणी सापडली, ती अजून चालते. पहिली आणि सहावी तार एकेक स्वर उतरवून डीला आणायची. मग तिसरी तार दुसऱ्या फ्रेटला आणि दुसरी तार तिसऱ्या फ्रेटला दाबायची. बस, दोनच बोटं. सहा तारांवर फक्त सा आणि प उरतात, गंधाराचा पत्ताच नाही. वर गाणाऱ्याने कोमल घ्यावा की शुद्ध, त्याची मर्जी. कॅपो पहिल्यावर ठेवला की हे सगळं काळी दोनमध्ये. गिटारचं असं तुणतुणं करणं पाहून कोणा जाणकाराला वाईट वाटेल. मला तर त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण भजनात आहोत.

आता आमचं कॅलेंडर ठरलेलं आहे. १४ एप्रिलच्या रात्री भीमगीतं. बाबासाहेबांनी १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले, ही सल इथली म्हातारी माणसं अजून बोलून दाखवतात, आणि त्या रात्री पहाटेपर्यंत माणूस हलत नाही. तिथे ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या दणक्यात गिटार कोणाला ऐकू येत नाही, तरी लाइनमन जातोच. मग गणपती, मग दिवाळीनंतर गावोगावची मंडई, म्हणजे जत्रा. दिवसा दंडार, खडी गंमत, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. मंडईच्या भजनाला लाखनीचा पोरगा आणि मी.

यंदा मात्र नवीनच भानगड झाली. मंडळाने वर्गणी काढून स्केल चेंजर पेटी आणली. तिच्या पट्ट्या जागच्या जागी सरकतात, म्हणजे वाजवणाऱ्याने बोटं कायम पांढरी एकवरच ठेवायची आणि सूर हवा तो काढायचा. पेटीवाला खूश. आम्ही नेहमीसारखं विचारलं, "कोणती पट्टी?" तो बोटांकडे बघून म्हणाला, "पांढरी एक." आम्ही कॅपो काढला, सीचा आकार धरला, बुवांनी तोंड उघडलं आणि सगळं फाटलं, पेटी आणि गिटारमध्येच अर्ध्या स्वराचा फरक. लाखनीचा पोरगा पेटीवर वाकून बघून आला. चेंजर एक घर पुढे सरकवलेला होता. बोटं पांढरी एकवर आणि आवाज काळी एकचा. पेटीवाल्याचं म्हणणं, मी बोटं जिथे तेच सांगणार. बुवांचं म्हणणं, त्यांची पट्टी गेल्या तीस वर्षांत बदललेली नाही, काळी दोन म्हणजे काळी दोन, तुम्ही दोघं आपसात काय ते ठरवा. म्हणजे पेटीही चुकलेली आणि आम्हीही. शेवटी पोराने पेटीवाल्याकडून खडू घेऊन चेंजरच्या खाचेशेजारी एक रेघ मारली, आणि आता सूर लावण्याआधी तो पेटीकडे जाऊन रेघ बघतो. पेटीवाला दर कार्यक्रमानंतर फडक्याने पेटी पुसतो, आणि रेघ पुसली जाते.